पीयूसीवाल्या कारभारीची पीयूसी

चिकलठाण्याच्या कारभारी नवपुतेनं माझी मोटारसायकल तीनदा नापास केली होती, तरी त्याची ही हकीकत मी सरळपणानंच सांगणार आहे.

जालना रोडला, विमानतळाच्या अलीकडं, एका लिंबाखाली त्याची पांढरी व्हॅन उभी असायची. व्हॅनच्या अंगावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘येथे पीयूसी काढून मिळेल’. आत एक यंत्र, एक कॉम्प्युटर, एक स्टूल आणि स्टुलावर कारभारी. गिऱ्हाईक आलं की तो त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा, सायलेन्सरमध्ये नळी खुपसायचा, आणि यंत्रावर धुराचे आकडे आले की पास का नापास ते सांगायचा. पास झालं तर दाखला. तो खिशात असला की चौकात पोलिसानं अडवलं तरी माणूस निवांत.

आता खरं सांगायचं तर त्या काळी दाखला मिळवणं फार अवघड नव्हतं. काही जण फोटो काढायचे आणि नळी सायलेन्सरमध्ये घालायच्या ऐवजी हवेत धरायचे. हवा पास व्हायची. कारभारीकडं तसलं काही नव्हतं. तो नळी वीतभर आत सारायचा, आणि गाडीवाला बोलायला लागला की त्याचं वाक्य अर्ध्यात तोडायचा.

“भाऊ, गाडी गार हाय अजून, म्हणून जरा...”

“नापास.”

“सकाळीच सर्व्हिसिंग...”

“कार्बोरेटर साफ करून आणा. पुढचा या.”

वडिलांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्या बदल्यात कारभारीला एका कारखान्यात रंगखात्यात नोकरी लागली. तिथं वीस वर्षं फवाऱ्यानं पत्र्याला रंग मारून त्याच्या छातीत घरघर सुरू झाली आणि पुढं कारखानाच बंद पडला. मग त्यानं धूर तपासणीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि ही जुनी व्हॅन विकत घेतली. धुराचा त्याला मनापासून राग होता. तो राग त्यानं नियमात बसवून घेतला होता एवढंच.

अधिक महिन्यात जावई धोंडे जेवायला आला, तेव्हाची गोष्ट चिकलठाण्यात सगळ्यांना माहीत आहे. जावयाची मोटारसायकल नवीकोरी. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ले, नवी बंडी अंगात घातली, आणि निघताना सासऱ्यानं सहज म्हणून ती गाडी लिंबाखाली नेली. नापास. जावयाला वाटलं, सासरेबुवा गंमत करतायत. कारभारीनं नापासची चिठ्ठी छापून त्याच्या वरच्या खिशात ठेवली. कारभारीची बायको चतुराबाई पुढं आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. आठ दिवसांनी बोलली ती एवढंच, “नवी गाडी व्हती आवं ती.” कारभारी म्हणाला, “आकडा जुना व्हता.”

अशा माणसाकडं दोन हजार बारा सालच्या उन्हाळ्यात परिवहन खात्यातले एक नवे निरीक्षक आले. त्यांनी परवाना बघितला, यंत्र बघितलं, रजिस्टर बघितलं. सगळं चोख. साहेब खूश झाले. जाता जाता त्यांनी व्हॅनच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारली.

“ही गाडी कोणाची?”

“मपलीच, साहेब.”

“हिची पीयूसी दाखवा.”

कारभारीला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. नऊ वर्षांत त्यानं शेकडो गाड्यांच्या सायलेन्सरात नळी घातली होती, पण ज्या गाडीत बसून घातली त्या गाडीला सायलेन्सर आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“साहेब, ही गाडी नऊ वर्षांपासून हललेली नाय. ती धूरच करत नाय.”

“तुमच्या परवान्यावर फिरतं तपासणी केंद्र असं लिहिलंय. हलत नसेल तर ते फिरतं कसं?”

“मग मी आत्ता काढून घेतो. यंत्र हायेच.”

साहेब हसले. “स्वतःची स्वतः? म्हणजे पेपर तुम्हीच लिहायचा आणि तपासायचाही तुम्हीच?”

दुसरा कुणी असता तर साहेबांशी हुज्जत घातली असती. कारभारीची अडचण अशी की त्याला साहेबांचं म्हणणं पटलं. साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली, तोवर काम बंद ठेवायला सांगितलं आणि ते निघून गेले. कारभारी स्टुलावर बसून राहिला. तेवढ्यात एक रिक्षावाला आला. त्याला म्हणाला, “बंद हाय. आमची गाडी नापास हाय.” रिक्षावाला इतका हसला की त्याला खाली उतरावं लागलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत नारेगाव ते मुकुंदवाडी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली पहिले हजर झाले ते नानासाहेब. नानासाहेब निवृत्त शाळामास्तर. त्यांची जुनी स्कूटर कारभारीनं इतक्यांदा नापास केली होती, की शाळेत पोरांना नापास केल्याचा पश्चात्ताप त्यांना त्या वयात व्हायला लागला होता. ते घरची खुर्ची घेऊन आले होते.

“खुर्ची कामून आणली मास्तर?” कारभारीनं विचारलं.

“बघायला,” नानासाहेब म्हणाले आणि सावलीत बसले.

सत्तार मिस्त्रीला बोलावणं गेलं. सत्तारचं गॅरेज रस्त्याच्या पलीकडं. कारभारीनं नापास केलेल्या गाड्या दुरुस्तीला त्याच्याकडंच जायच्या, त्यामुळं त्याला कारभारीविषयी फार आदर. त्यानं व्हॅनचं झाकण उघडलं आणि आत डोकं घालून कोपरा न् कोपरा बघितला.

“कारभारीभाय, इंजिन तो है,” तो शेवटी म्हणाला. त्या आवाजात दिलासा होता.

दोन दिवस त्यानं तेल बदललं, प्लग बदलले, नळ्या बदलल्या. कारभारी रोज सायकलवर यंत्राची बॅटरी बांधून आणायचा, ती त्यानं व्हॅनला जोडून बघितली. इंजिन कण्हायचं, पण पेटायचं नाही. सत्तारनं मग सायलेन्सरच्या तोंडात वाकडी सळई घातली, ओढली, आणि तिच्याबरोबर वाळल्या लिंबोळ्यांची ओंजळ बाहेर आली. लिंबोळ्यांच्या मागं भुईमुगाच्या शेंगा. त्यांच्या मागं आणखी शेंगा.

“ये तो गोदाम है,” सत्तार म्हणाला.

लिंबावरच्या खारीनं नऊ वर्षं तिथं साठवण केली होती. शेंगा यायच्या त्या शेजारच्या शेंगवाल्याच्या हातगाड्यावरून. गाडेवाला म्हणायचा, मापात तूट येते, ती का येते हे आता त्याला कळलं. खार वर फांदीवर बसून शेपटी उडवत ओरडत होती. सळईनं जेवढं निघालं तेवढं काढलं. आत अजून बरंच असणार, असं सत्तारला वाटत होतं, पण त्याचं म्हणणं की गाडी एकदा पेटली तर जोरानंच बाहेर पडेल.

पेटवायला धक्का मारायचा ठरलं. धक्का मारायला माणसं कमी पडली नाहीत. कारभारीनं आजवर ज्यांच्या गाड्या नापास केल्या ते सगळे आले होते, मीही होतो. कारभारी स्टिअरिंगवर बसला. नानासाहेब खुर्चीवरून उठले, आणि शाळेत कवायत घ्यायचे त्या आवाजात त्यांनी “एक, दोन” केलं. आम्ही ढकललं. व्हॅन लिंबाखालून निघाली, तिच्या चाकांनी केलेले चार खड्डे मागं उरले. सर्व्हिस रोडला शंभरेक पावलं गेल्यावर कारभारीनं क्लच सोडला.

पहिल्यांदा ठसका आला. मग दुसरा. मग सायलेन्सरमधून भाजलेल्या शेंगा उडायला लागल्या. मागच्या बाजूला ढकलत होतो ते आम्ही सगळे रस्त्याकडेला पळालो. फटफट आवाज करत शेंगा डांबरावर पडत होत्या आणि मागून काळा धूर येत होता, आणि त्या धुराला वास होता खमंग. एकानं शेंग उचलून फोडली, तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. म्हणाला, “पेट्रोल लागतंय.” तरी दुसऱ्यानं एक खाऊन बघितलीच.

कारभारीनं आरशात तो धूर बघितला. नानासाहेब सांगतात, तेव्हा त्याचा चेहरा पोटच्या पोराला दारू पिताना बघितल्यासारखा झाला होता.

आता प्रश्न आला, दाखला काढायचा कुठून. मुकुंदवाडीतला एक ओळखीचा पीयूसीवाला फोनवर म्हणाला, “कारभारीभाऊ, फोटो पाठवा, गाडी आणायची काय गरज?” कारभारीनं त्याला नमस्कार केला आणि फोन ठेवला. हवेत धरलेल्या नळीचा दाखला तो घेणार नव्हता. त्याला एकच नाव ठाऊक होतं, चितेगावची द्वारकाबाई. या बाईला त्यानं कधी बघितलं नव्हतं. पण कधीमधी एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, “चितेगावच्या बाईनं पण नापास केलं राव,” आणि ते ऐकलं की कारभारीला बरं वाटायचं.

चितेगाव पैठण रोडला, म्हणजे वीसेक किलोमीटर. नानासाहेब म्हणाले, मी येणार. कारभारी म्हणाला, “तुमी कामून?” नानासाहेब म्हणाले, “साक्षीदार म्हणून.” चतुराबाईनं दोघांसाठी भाकरी बांधून दिली. तिला वाटलं हे काही संध्याकाळपर्यंत येत नाहीत, आणि तिला बरोबरच वाटलं होतं.

बीड बायपासला एका वाहतूक पोलिसानं हात केला. व्हॅनच्या मागं धुराचा इतका मोठा पट्टा होता की त्याला हात करावाच लागला.

“पीयूसी दाखवा.”

“नाय साहेब. काढायलाच चाललोय.”

पोलिसानं व्हॅनच्या अंगावरची निळी अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. मग कारभारीकडं बघितलं.

“ही गाडी कशाची आहे?”

“पीयूसीची.”

“आणि तुमच्याकडं पीयूसी नाही?”

“नाय.”

पोलिसानं गाडीला एक फेरी मारली. तो भला माणूस होता. म्हणाला, “जा बाबा, काढून घे.” पण कारभारी जाईना. तो म्हणाला, “साहेब, विनादाखल्याची गाडी हाय. पावती फाडा.” पोलीस म्हणाला, “अरे, सोडतोय ना.” कारभारी म्हणाला, “नियम नियम हाय.” मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी नानासाहेब खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “फाडा हो साहेब, नाहीतर हा इथंच मुक्काम करतो.” पोलिसानं पावती फाडली. कारभारीनं ती नीट घडी करून ठेवली आणि समाधानानं गिअर टाकला.

चितेगावात द्वारकाबाईचं दुकान टायर पंक्चरच्या दुकानाला लागून होतं. पन्नाशीची बाई, नाकावर घसरलेला चष्मा, डोक्यावर पदर, आणि समोर कारभारीकडं होतं तसलंच यंत्र. तिनं व्हॅनवरची अक्षरं वाचली, पण तोंडावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

“इंजिन बंद करू नका,” ती म्हणाली, आणि नळी सायलेन्सरमध्ये वीतभर सारली. कारभारीनं ते बघितलं. वीतभरच होती. नळी आत गेल्यावर एक शेंग बाहेर आली. द्वारकाबाईनं ती बाजूला ठेवली.

तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतं. आकडा आला चार पूर्णांक आठ.

“नापास.”

आणि इथं नानासाहेबांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. कारभारी म्हणाला, “बाई, गाडी गार हाय अजून, म्हणून...”

“इंजिन चालूच हाय,” द्वारकाबाई म्हणाली.

“कालच मिस्त्रीनं सगळं...”

“कार्बोरेटर साफ करून आणा.”

“तुमचं यंत्र जरा बघता का, मला वाटतं त्यात...”

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्याच्या कानावर आलं असावं. नानासाहेब बाकावर बसून गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. ते सांगतात, त्या दिवशी खाल्लेली भाकरी त्यांना जितकी गोड लागली तितकी पुन्हा कधी लागली नाही.

द्वारकाबाईनं नापासची चिठ्ठी छापून कारभारीच्या हातात दिली. तो ती धरून उभा राहिला. नऊ वर्षं त्यानं अशा चिठ्ठ्या दिल्या होत्या. कागद एवढा पातळ असतो हे त्याला माहीत नव्हतं.

“तुमीच का चिकलठाण्याचे?” द्वारकाबाईनं चष्म्यावरून बघत विचारलं.

“व्हय.”

“तुमी नापास केलेले लई येतात माझ्याकडं. म्या बी नापास करते.”

“ऐकून हाय,” कारभारी म्हणाला, आणि त्याला जरा हुशारी आली. तिनं चहा मागवला. तिघांनी तो पंक्चरच्या दुकानातल्या टायरवर बसून घेतला, आणि दोघा यंत्रवाल्यांनी हवेत नळी धरणाऱ्यांविषयी बराच वेळ मनमोकळं बोलून घेतलं.

परत येऊन सत्तारनं पुन्हा सगळं उघडलं. यावेळी सायलेन्सर गाडीपासून सोडवून तो उलटा धरला आणि लाकडी दांडक्यानं बडवला. अर्धी पाटी शेंगा निघाल्या. त्या त्यानं झाडाच्या बुंध्याशी ओतल्या, खारीची वस्तू खारीला म्हणून. कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला. स्क्रू पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं करत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत कारभारी रोज गॅरेजच्या उंबऱ्यावर बसायचा आणि तिथं आलेल्या लोकांचं ऐकायचा. त्यातले निम्मे त्यानंच पाठवलेले. एक जण म्हणाला, माझी गाडी सकाळी चांगली असते आणि दुपारी बिघडते. एक जण म्हणाला, आमच्या घरचं सगळं असंच, गाडीचं काय घेऊन बसलात. कारभारीनं सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकलं. दुसरं कामच नव्हतं.

मुदतीचा चौदावा दिवस. पुन्हा चितेगाव. पुन्हा नानासाहेब. यावेळी धूर जवळजवळ दिसत नव्हता. द्वारकाबाईनं नळी घातली आणि तिघं आकड्याकडं बघत राहिले. तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक एक. तीन. दोन पूर्णांक नऊ, आणि तिथं थांबला.

नानासाहेबांनी कारभारीच्या पाठीवर थाप मारली. द्वारकाबाई नंबरप्लेटचा फोटो गाडी पास झाल्यावरच काढायची; ती कॅमेरा घेऊन मागं गेली आणि परत आली.

“दाखला नाय देता येणार.”

“कामून?”

“नंबर वाचता येत नाय.”

तिघं मागं गेले. नऊ वर्षं लिंबाखाली पाखरांनी आणि पावसानं मिळून जुन्या काळ्या नंबरप्लेटवरचा पांढरा रंग खाल्ला होता. चार आकड्यांपैकी दोन दिसत होते. तिसरा तीनही असू शकला असता आणि आठही.

“मपला नंबर मला माहीत हाय,” कारभारी म्हणाला.

“यंत्राला माहीत नाय,” द्वारकाबाई म्हणाली.

यावर कारभारीनं मान हलवली. तो तिच्या जागी असता तर हेच म्हणाला असता. पण मुदत उद्या संपत होती, चितेगावात रंगवणारा आठवडी बाजाराला बिडकीनला गेला होता. कारभारी बाकावर बसला आणि चंची काढून तंबाखू मळायला लागला. नानासाहेबांनी त्याच्या हातातली चुन्याची डबी बघितली, ती उचलली, एक काडी शोधली आणि ते नंबरप्लेटसमोर उकिडवे बसले.

छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात. त्यांनी जुन्या आकड्यांच्या पुसट खुणांवरूनच चुन्यानं एकेक आकडा काढला. द्वारकाबाईनं पाच पावलं मागं जाऊन वाचला, मग कॅमेऱ्यातून वाचला, मग नोंदणीच्या कागदाशी ताडून बघितला.

“अक्षर लई छान हाय तुमचं,” ती म्हणाली, आणि यंत्रातून दाखला बाहेर आला. “पण घरी गेल्याबरोबर रंगवून घ्या. पाऊस लागला तर हा दाखला दुसऱ्याच गाडीचा व्हईल.”

दुसऱ्या दिवशी निरीक्षक साहेब आले, त्यांनी दाखला बघितला, आणि कारभारीचं काम पुन्हा सुरू झालं. लोक म्हणाले, आता हा मवाळ होणार. तसं काही झालं नाही. फरक एवढाच पडला की पूर्वी तो लोकांचं वाक्य अर्ध्यात तोडायचा, आता पूर्ण ऐकून घेतो. गाडी गार आहे, पेट्रोल खराब आहे, भावानं चालवली, सगळं ऐकतो, मान हलवतो, “व्हय, व्हतं असं,” म्हणतो, आणि मग नापास करतो. माझी चौथ्यांदा केली ती अशीच. मला राग आला नाही. उलट बोलून मोकळं वाटलं.

गाडी चालती ठेवायची म्हणून तो ती आता आठवड्यातून एकदा फिरवून आणतो. श्रावणात चतुराबाई म्हणाली, नऊ वर्षं घरात गाडी असून मी सायकलच्या कॅरियरवर बसते, मला वेरूळला घृष्णेश्वराला नेऊन आणा. कारभारीनं तिला पुढच्या सीटवर बसवून नेलं. देवळाच्या वाहनतळावर गाडी लावली, तर दहा मिनिटांत मागं चार मोटारसायकली आणि एक जीप रांगेत उभी. निळी अक्षरं लांबूनच दिसतात.

“मपला परवाना चिकलठाण्याचा हाय,” कारभारीनं त्यांना सांगितलं. “इथं नाय काढता येत.”

“आता इथवर आलाच आहात तर काढा की,” जीपवाला म्हणाला. त्यानं मग आपल्या जीपची सगळी कर्मकहाणी सुरू केली, ती थेट धनत्रयोदशीला जीप घेतली तिथपासून. कारभारी ऐकत राहिला. चतुराबाईनं थोडा वेळ वाट बघितली, मग बेल आणि फुलं घेऊन ती एकटीच दर्शनाच्या रांगेला लागली.

दीड तासानं ती प्रसाद घेऊन परत आली तेव्हा तिचा नवरा जीपच्या मागं जमिनीवर उताणा पडला होता आणि सायलेन्सरला कान लावून होता. जीपवाला, त्याची बायको आणि चार मोटारसायकलवाले भोवती गोल करून उभे होते.

“दाखला नाय देत मी,” तो खालूनच त्यांना सांगत होता. “पण नापास व्हईल एवढं आत्ताच सांगतो.”